नियम दहा, उत्तरदायी कोण?

१८ जानेवारी २०२५. मुंबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा संघ जाहीर करायला कर्णधार रोहित शर्मा आणि निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर शेजारी शेजारी बसले होते. बीसीसीआयच्या दहा कलमी शिस्तनियमांच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरून गेली होती. एका पत्रकाराने त्यावर विचारताच रोहितने उलट त्यालाच विचारले, हे नियम तुम्हाला सांगितले कोणी? मंडळाच्या अधिकृत खात्यावरून आलेत का? आधी तिथून येऊ द्या. त्याआधी माइक चालू असल्याचे भान नसताना, कुटुंबाच्या नियमाबाबत सचिवांशी बोलावे लागेल, असे तो आगरकरांना सांगतानाही ऐकू आला होता.

त्या दिवशी या प्रसंगावर विनोद बरेच झाले. पण जरा थांबून बघा. देशाच्या संघावर लागू होणारे नियम देशभर माहीत आहेत, कर्णधाराला ते जाचतही आहेत, आणि तरी ते अधिकृतपणे आहेत की नाहीत, हे सांगायला कोणी तयार नाही. शिस्त लावणाऱ्यानेच नाव मागे ठेवायचे, ही आपल्या क्रिकेट कारभाराची जुनी खोड आहे.

हे नियम आले कशातून? ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूत भारत ४६ धावांत गारद झाला. पुण्यात फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले, वानखेडेवर एजाझ पटेलने ११. २०१३ पासून मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकणारा संघ ०-३ ने हरला. तीन किंवा अधिक कसोटींच्या मालिकेत घरच्या मैदानावर सगळे सामने गमावण्याची ही पहिलीच वेळ. मग ऑस्ट्रेलियात १-३, दहा वर्षांनी बॉर्डर-गावसकर करंडक हातचा गेला, आणि जागतिक कसोटी स्पर्धेची अंतिम फेरीही हुकली. मुंबईत आढावा बैठक झाली. बैठकीत कोण होते? कर्णधार, मुख्य प्रशिक्षक, निवड समितीचे अध्यक्ष आणि मंडळाचे पदाधिकारी. म्हणजे ज्यांच्या निर्णयांची तपासणी व्हायची, तेच तपासनीस. त्यानंतर काही दिवसांतच नियम बाहेर पडले: देशांतर्गत क्रिकेट सक्तीचे, संघाबरोबरच प्रवास, सामानाच्या वजनाला मर्यादा, खासगी व्यवस्थापक, आचारी, केशकर्तनकार यांना मज्जाव, सरावातून लवकर निघायचे नाही, मालिका चालू असताना जाहिरातींचे चित्रीकरण नाही, ४५ दिवसांपेक्षा मोठ्या दौऱ्यावर कुटुंबाला दोन आठवडे. मोडल्यास मानधनात कपात, अगदी आयपीएल खेळण्यावर बंदीसुद्धा.

यातले काही नियम योग्यच आहेत, हे आधी सांगून टाकतो. संघाच्या बसमध्ये संघाने बसावे, यात कोणाचे काय बिघडते? केशकर्तनकार परदेश दौऱ्यावर नेणाऱ्या खेळाडूची बाजू मला घेता येणार नाही. कुटुंबाच्या नियमाबद्दल मात्र विराट कोहली पुढे जे बोलला, ते मला पटते. अपयशी दिवसानंतर खोलीत एकट्याने कुढत बसण्यापेक्षा घरची माणसे जवळ असलेली बरी, असे त्याचे म्हणणे होते. पण तो मतभेदाचा विषय आहे, आणि मंडळाला वेगळे मत असण्याचा हक्क आहे.

माझी अडचण वेगळी आहे. बंगळुरूत ढगाळ हवेत आधी फलंदाजी घेण्याचा निर्णय कोणत्या सुटकेसच्या वजनामुळे चुकला? (खेळपट्टी ओळखण्यात आपली चूक झाली, हे रोहितने त्याच दिवशी मान्य केले, हे त्याचे श्रेय.) ऑस्ट्रेलियात जसप्रीत बुमराहने १५० हून अधिक षटके टाकली, ३२ बळी घेतले आणि शेवटच्या कसोटीत पाठीच्या दुखापतीने मैदान सोडले. मग तो चॅम्पियन्स ट्रॉफीलाही मुकला. एका गोलंदाजाच्या खांद्यावर सगळी मालिका टाकण्याचे नियोजन कोणाचे होते? दहा नियमांपैकी एकाचाही या प्रश्नाशी संबंध नाही.

देशांतर्गत क्रिकेटचा नियम घ्या. दहांमधला हा सर्वांत चांगला. विराट त्याआधीचा रणजी सामना २०१२ मध्ये खेळला होता, रोहित २०१५ मध्ये. हे ऐकून चाहते खेळाडूंवर भडकले. पण इतक्या वर्षांत त्या दोघांनी कुठला नियम मोडला होता? वेळापत्रक मंडळ आखते. विश्रांती निवड समिती मंजूर करते. सप्टेंबर २०२४ मध्ये, न्यूझीलंड मालिकेच्या जेमतेम महिनाभर आधी, दुलीप करंडकाच्या संघांत रोहित, विराट, बुमराह, अश्विन यांची नावे नव्हती. ते संघ जाहीर करणारी निवड समिती मंडळाचीच होती. बारा वर्षे सवलत देणाऱ्यांनी एका जानेवारीत ती रद्द केली आणि दोषी ठरले ते सवलत घेणारे. मग रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध उतरला, मुंबई हरली. विराट दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध उतरला, तुफान गर्दीपुढे ६ धावांवर त्रिफळाचीत झाला. एकेक सामना खेळून नियमाचे पालन झाले. मे महिन्यात दोघेही कसोटीतून निवृत्त झाले.

इथे एक फरक करायला हवा, जो आपल्याकडच्या चर्चेत नेहमी पुसला जातो. गैरवर्तन वेगळे, तयारीतली कुचराई वेगळी आणि धावा न होणे वेगळे. पहिल्याला शिक्षा असते. दुसऱ्याला ताकीद, आणि ऐकले नाही तर बाहेरचा रस्ता. तिसऱ्याला संघातून वगळणे हा उपाय असतो, पण ती शिक्षा नव्हे. संघ जिंकत असताना पहिल्या दोन गोष्टींकडे डोळेझाक होते. हरू लागला की तिसऱ्यावर पहिल्याचे लेबल लागते.

१९८४ ची दिल्ली कसोटी आठवते? इंग्लंडविरुद्ध सामना वाचवायचा होता. कपिल देवने षटकार मारला आणि लगेच पुन्हा उंच फटका मारून बाद झाला. संदीप पाटीलही असाच बेजबाबदार फटक्यावर गेला. भारत हरला. पुढच्या कलकत्ता कसोटीतून दोघांनाही वगळले. ती कपिलच्या कारकिर्दीतली हुकलेली एकमेव कसोटी. १३१ कसोटी खेळलेल्या माणसाच्या आयुष्यात एक भोक. ईडन गार्डन्सवर प्रेक्षक खवळले, निर्णय सुनील गावसकरांचा की निवड समितीचा, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाले, आणि तो निर्णय आपला नव्हता, असे गावसकर सांगत राहिले. कपिल पुढच्याच कसोटीत परतला. पाटील पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही. त्याच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पहिल्याच कसोटीत शतक ठोकले आणि दार बंद झाले.

गुन्हा एक, शिक्षेचा मजकूर एक. परिणाम मात्र एकाला आठवडाभराची हळहळ आणि दुसऱ्याची कसोटी कारकीर्द संपली. क्रिकेटच्या दृष्टीने त्याला कारणे असतील, कपिलसारखा अष्टपैलू दुसरा नव्हताच. पण मग त्याला शिस्तीची कारवाई म्हणू नये. मोठ्याला टोचणी आणि लहानाला फाशी, अशी शिस्त ड्रेसिंग रूममधला प्रत्येक नवखा पोरगा बघत असतो आणि त्यातून एकच धडा घेतो, आधी मोठे व्हायचे. नियम पाळणे नंतर.

याहून जुनी गोष्ट १९३६ ची आहे. इंग्लंड दौऱ्यावर लाला अमरनाथ तुफान फॉर्मात होते. एका सामन्यात त्यांना पॅड बांधून बसवून ठेवले आणि फलंदाजीचा क्रम मागे मागे ढकलत नेला. परत आल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी पॅड भिरकावले आणि पंजाबीत संताप व्यक्त केला. पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांना बेशिस्तीच्या आरोपाखाली बोटीने घरी पाठवण्यात आले. पाठवणारे कर्णधार म्हणजे विजयनगरमचे महाराजकुमार, ऊर्फ विझी. कसोटीतली त्यांची सरासरी ८.२५. भारताने मालिका ०-२ ने गमावली. नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी केली आणि १९३७ च्या अहवालात कर्णधाराच्या नेतृत्वावरच ताशेरे ओढले. क्षेत्ररचना कळत नाही, गोलंदाजीतले बदल कळत नाहीत, फलंदाजीला ठरलेला क्रम नाही. संघातल्या सर्वोत्तम फलंदाजाला शिस्त शिकवायला निघालेल्या माणसाची ही लायकी.

मला या प्रकरणात बेशिस्तीपेक्षा चौकशी महत्त्वाची वाटते. इंग्रजांच्या राज्यात, संस्थानिकांच्या पैशावर चालणाऱ्या क्रिकेटमध्ये, पराभवानंतर बाहेरच्या माणसाला बोलावून खुद्द राजकुमारावर ठपका ठेवता आला. आजच्या मंडळाकडे पैसा अमाप आहे. तेवढे धाडस मात्र दिसत नाही.

लालांचे चिरंजीव आणि पुढे निवड समितीचे सदस्य झालेले मोहिंदर यांनाही मंडळाचा अनुभव यायचा होता. २०११-१२ मध्ये इंग्लंडमध्ये ०-४ आणि ऑस्ट्रेलियात ०-४ असा मार खाल्ल्यावर निवड समितीत कर्णधार धोनीला बदलण्याचा विचार झाला. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांनी तो रोखला. हे मोहिंदर यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, आणि आपण अधिकार वापरून धोनीला वाचवले, हे श्रीनिवासन यांनीही काही वर्षांनी मान्य केले. सप्टेंबर २०१२ मध्ये निवड समितीचे अध्यक्षपद मोहिंदर यांच्याकडे जाईल, अशी चर्चा होती. ते समितीतूनच गेले. अध्यक्ष झाले संदीप पाटील, होय, तेच. धोनीला ठेवणे बरोबर होते की चूक, हा वेगळा वाद आहे. २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफी त्याच्याच नेतृत्वाखाली आली. पण निवड समितीचा अधिकार एकाने वापरला, जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर राहिली आणि बोलणारा तिसरा घरी गेला. श्रीनिवासन यांच्या आयपीएलमधल्या फ्रँचायझीचा कर्णधारही धोनीच होता, हे इथे सांगायलाच हवे.

परदेशात सगळे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. मार्च २०१३ मध्ये, भारतात दोन कसोटी हरल्यावर, ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक मिकी आर्थर यांनी खेळाडूंना सुधारणेचे तीन मुद्दे लिहून द्यायला सांगितले. शेन वॉटसन, मिचेल जॉन्सन, जेम्स पॅटिन्सन आणि उस्मान ख्वाजा यांनी वेळेत दिले नाहीत. चौघांनाही मोहाली कसोटीतून बाद केले. गृहपाठ केला नाही म्हणून वर्गाबाहेर. ऑस्ट्रेलिया मालिका ०-४ हरला आणि जूनमध्ये, ॲशेसच्या तोंडावर, आर्थर यांची गच्छंती झाली. धाक दाखवून संघ एकत्र येत नाही, हे त्यांना महागात कळले.

पण त्याच देशाने पाच वर्षांनी काय केले तेही बघा. केपटाऊनच्या सँडपेपर प्रकरणात, म्हणजे चेंडू खरखरीत कागदाने घासल्याबद्दल, स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नरला वर्षभराची, कॅमेरून बँक्रॉफ्टला नऊ महिन्यांची बंदी. प्रशिक्षक डॅरेन लेमन यांच्यावर कटाचा ठपका नव्हता, तरी त्यांनी पद सोडले. आपल्याकडे कथा इथे संपली असती. तिथे बाहेरच्या संस्थेकडून मंडळाच्याच संस्कृतीची तपासणी करून घेतली गेली. अहवाल ऑक्टोबर २०१८ मध्ये, काही भाग झाकून, लोकांसमोर ठेवला. काय किंमत पडेल याचा विचार न करता जिंकण्याचे वेड वरून खाली आले, असा त्याचा सूर होता. नुकतेच पुन्हा निवडून आलेले अध्यक्ष डेव्हिड पीव्हर यांना काही दिवसांत राजीनामा द्यावा लागला. संघाच्या कामगिरीचे प्रमुख पॅट हॉवर्डही गेले. बंदी भोगणाऱ्या तीन पोरांच्या पुढे जाऊन प्रश्न खुर्चीपर्यंत पोहोचला, कारण कागद छापलेला होता आणि तो कोणीही वाचू शकत होता.

आता आपले २०२२. टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडने दहा गडी राखून हरवले. आठवड्याभरात चेतन शर्मा यांची संपूर्ण निवड समिती बरखास्त. वा, काय तडफ! जानेवारीत नवी समिती आली, तिचे अध्यक्ष चेतन शर्मा. काढले का आणि परत घेतले का, दोन्हीची कारणे गुलदस्त्यात. फेब्रुवारीत एका वाहिनीच्या छुप्या चित्रीकरणानंतर त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे जबाबदारी निश्चित झाली ती कॅमेऱ्यामुळे.

कोणी म्हणेल, मग तुम्हाला मुख्य प्रशिक्षकाचे डोके हवे आहे. नको आहे. डोकी उडवणे म्हणजे उत्तरदायित्व असते, तर पाकिस्तान आज जगज्जेता असता. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताकडून हरल्यावर तिथल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मोठ्या शस्त्रक्रियेची घोषणा केली. निवड समितीतली माणसे गेली, मग बांगलादेशाने घरात येऊन ०-२ ने हरवले, ऑक्टोबरमध्ये गॅरी कर्स्टन गेले, डिसेंबरमध्ये जेसन गिलेस्पी. माणसे बदलत राहिली, पण पराभव कशामुळे झाले याचा निवाडा कोणी केल्याचे दिसले नाही.

आपले मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांच्याबाबत माझे म्हणणे एवढेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत १२४ धावांचा पाठलाग करताना भारत ९३ वर संपला. सामन्यानंतर गंभीर म्हणाले, आम्ही मागितली होती तशीच खेळपट्टी मिळाली. हा प्रामाणिकपणा मला आवडला, कारण खेळपट्टी तयार करणाऱ्या क्युरेटरवर ढकलून मोकळे होणे सोपे होते. नंतर गुवाहाटीत ४०८ धावांनी हार, धावांच्या हिशेबात भारताचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरने दोन कसोटींत १७ बळी घेतले. २००० नंतर २४ वर्षे मायदेशात एकाही मालिकेतले सगळे सामने न गमावणाऱ्या देशाने तेरा महिन्यांत अशा दोन मालिका गमावल्या. आपल्या भवितव्याचा निर्णय मंडळाने घ्यावा, असे गंभीर म्हणाले आणि इंग्लंडमधली बरोबरी, चॅम्पियन्स ट्रॉफीचे विजेतेपद यांची आठवणही करून दिली. तेही खरेच आहे.

या मालिकेला एक वेगळे महत्त्व आहे. दहा नियम लागू होऊन दहा महिने झाले होते. रोहित, विराट, अश्विन कसोटी संघात नव्हते, म्हणजे बड्या ताऱ्यांची संस्कृती नावाचा जो आरोपी उभा केला होता तो पिंजऱ्यातून केव्हाच गेला होता. संघ तरुण होता, बसमध्ये एकत्र बसत होता. आणि तरीही पाहुण्या फिरकीपटूने पूर्वीसारखेच गुंडाळले. मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकल्यावर शिस्तीला श्रेय देणाऱ्यांनी नोव्हेंबरचा हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा होता.

मंडळाने शिस्त कधी धडपणे लावलीच नाही, असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि इशान किशन यांना वार्षिक करारातून वगळले. श्रेयस मुंबईकडून रणजी अंतिम सामन्यात ९५ धावा करून गेला, चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताकडून सर्वाधिक धावा त्याच्याच, आणि एप्रिल २०२५ मध्ये करार परत मिळाला. किशनलाही मिळाला. शिक्षा झाली, मुदत संपली, माणूस परतला. तरीही त्या वेळच्या पत्रकात काय होते? या दोघांचा विचार झाला नाही, एवढेच. आरोप काय, कोणाच्या सूचनेकडे दुर्लक्ष झाले, खेळाडूचे म्हणणे काय, यातले काही नाही. निर्णय योग्य असला तरी तो गुपचूप घेतला की खेळाडू त्यातून शिकतो ते फक्त एवढेच की कोणाला नाराज करायचे नाही.

याउलट २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून सलग तीन सामने हरला. समाजमाध्यमांवर खेळाडूंच्या रील्सपासून सगळे निघाले. त्यातल्या इंग्लंडच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते, कारण सहावा गोलंदाज हवा होता. ही संघरचनेची गरज होती आणि तिला कोणी शिस्तीचे नाव दिले नाही. पुढच्या सामन्यात ती परतली, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून गेली. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांनी त्या तीन पराभवांनंतर संघ मोडला नाही, बळीचा बकराही शोधला नाही. वगळणे आणि शिक्षा यांतला फरक सांभाळला की खेळाडू परत उभा राहू शकतो.

पुरुष संघाचा प्रश्न सोडवायला नवे नियम नकोत. गमावलेल्या प्रत्येक मालिकेनंतर मंडळाबाहेरच्या माणसांनी लिहिलेला आणि छापलेला अहवाल हवा. ड्रेसिंग रूमची गुपिते फुटतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाने झाकण्यासारखे झाकले आणि उरलेले छापलेच. शिवाय आपल्या ड्रेसिंग रूममधून बातम्या फुटायच्या त्या फुटतातच, फक्त निनावी सूत्रांच्या तोंडून. एप्रिल २०२५ मध्ये अभिषेक नायर यांच्यासह काही सहायक प्रशिक्षकांना दूर केल्याचे आपल्याला तसेच कळले. क्षेत्ररक्षण प्रशिक्षक टी. दिलीप काही आठवड्यांत परत आले, तेही तसेच. मंडळ कायद्याने हे सांगायला बांधील नाही, हेही खरे. विधी आयोगाने २०१८ मध्ये बीसीसीआयला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली होती. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात तो अधिकार सरकारी मदतीवर चालणाऱ्या संघटनांपुरता राहिला. सरकारचा पैसा घेत नाही म्हणून बीसीसीआय सुटली. संघ मात्र भारताच्या नावाने खेळतो.

सुरुवात गुवाहाटीपासून करता येईल. ब्रिस्बेनमधला टी-ट्वेंटी सामना ८ नोव्हेंबरला आणि कोलकाता कसोटी १४ नोव्हेंबरला, हे वेळापत्रक कोणी मंजूर केले आणि कसोटी कर्णधाराने दोन्हीकडे असावे, हे कोणाला योग्य वाटले? तिसऱ्या क्रमांकावर इंग्लंडमध्ये साई सुदर्शन आणि करुण नायर, कोलकात्यात वॉशिंग्टन सुंदर, गुवाहाटीत पुन्हा साई, या फेरबदलांमागे विचार काय होता आणि तो निवड समितीचा होता की प्रशिक्षकाचा? पुण्यात हात पोळल्यावर वर्षभरात तशीच खेळपट्टी पुन्हा मागितली गेली, तेव्हा त्या खोलीत विरोध करणारा कोणी होता का? उत्तरे चार पानांत मावतील. खाली आगरकर, गंभीर आणि मंडळाचे सचिव देवजित सैकिया यांच्या सह्या असाव्यात.